काळ्या खोलीतली घार

कारखान्यात तिला सगळे घार म्हणायचे, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट आतून बरंच वाटायचं.

तिचं काम काळ्या खोलीत होतं. भिंती काळ्या, छत काळं, टेबल काळं. पांढरा काय तो अंगावरचा डगला आणि डोक्यावरची टोपी. समोरच्या चौकटीत नुकताच तयार झालेला काचेचा पडदा, संगणकाला असतो तसा, बसवायचा, मागचा दिवा लावायचा आणि बघत राहायचं. पडदा आधी काळा व्हायचा, मग पांढरा, मग लाल, हिरवा, निळा आणि सगळ्यात शेवटी राखाडी. आधीच्या रंगांमध्ये दिसणारे दोष शेंबड्या पोरालाही दिसले असते. एखादा ठिपका जळतच राहिलेला, एखादा कायमचा विझलेला, नाहीतर वरपासून खालपर्यंत गेलेली केसासारखी रेघ. खरी कसोटी राखाडीत होती. तिथं दिसायचा मुरा.

मुरा म्हणजे धड डागही नाही आणि धड सावलीही नाही. दोन काचांच्या मध्ये जो द्रवाचा थर असतो, तो कुठं जरासा जाड-पातळ झाला की तेवढा भाग ढगाळ दिसतो. ओल्या फडक्यानं पुसलेली काच वाळता वाळता मध्येच थोडी ओली राहावी, तसा. शब्द यंत्रांबरोबर परदेशातून आला होता. पण जुन्या कामगार बायका म्हणायच्या, परदेशातला कसला, आपलाच आहे, काचेत काहीतरी मुरलंय म्हणून मुरा. रोखून बघितलं तर दिसतो, नजर हलली की हरवतो. शंका आली तर राखाडी काचेचा एक तुकडा डोळ्यापुढं धरायचा. त्यातूनही डाग दिसला तर पडदा बाद, नाही दिसला तर पास.

घारीचा डावा डोळा जन्मापासून मंद होता. सगळी भिस्त उजव्यावर. डावा मिटून, मान किंचित तिरकी करून ती पडद्याकडं बघायला लागली की तिचं नाक आणखी टोकदार दिसायचं आणि सावज हेरणाऱ्या पक्ष्याची आठवण यायची. नाव त्यावरूनच पडलं. इथं बनणारे पडदे इस्पितळांत जात. डॉक्टर लोक त्यांच्यावर छातीचे, हाडांचे, मेंदूचे फोटो बघत. त्यामुळं राखाडीतला डाग हा नुसता दिसायला वाईट, एवढ्यावर भागणारी गोष्ट नव्हती. नवीन माणसाला काम शिकवताना ती एकच वाक्य सांगायची, "तुझ्या आईचा फोटो यावर बघायचाय असं समज, मग पास कर."

घरी ती वहिनी होती. नवरा आजारानं गेला तेव्हा पदरी मूल नव्हतं. होता तो शाळेत जाणारा दीर, आणि सासूबाई. माहेरी परत जायचा मार्ग मोकळा होता, पण ती गेली नाही. दिराचे डबे भरले, त्याच्या परीक्षांना जागली, तो टायफॉइडनं पडला तेव्हा त्याच्या उशाशी बसून राहिली. पोरसवदा होता तेव्हापासून ती त्याला भाऊजी म्हणायची आणि अहोजाहो करायची. तो मात्र तिला "वहिनी, तू" असंच म्हणायचा. मोठा झाल्यावर तिच्याच शब्दावर त्याला कारखान्यात चिकटवलं. तिथं तो कापडावर लागला.

पडद्याच्या काचेवर आतून एक नाजूक लेप असतो. मखमलीसारखं कापड गुंडाळलेला रूळ त्या लेपावरून फिरवतात. त्या घासण्यानं द्रवाचे कण सगळे एका दिशेला तोंड करून झोपतात. कापड झिजलं की नवं ताणून बसवायचं, हे भाऊजींचं काम. तळहातानं कापडाची लव उलटसुलट चाचपत तो म्हणायचा, "मांजर कुरवाळल्यासारखं वाटतं, वहिनी." घरी नवीन चादर आणली तरी आधी त्याच्या हातात जायची. त्याची बायको, घरातली धाकटी, यावरून त्याची टर उडवायची. तिला दिवस गेले होते, आणि पाळण्यातल्या दुपट्याची लव कुठल्या दिशेला असावी यावरूनही त्या दोघांचे वाद व्हायचे.

असं सगळं नीट चाललेलं होतं.

एका सकाळी घारीनं पहिलाच पडदा लावला आणि राखाडीत मधोमध तिला डाग दिसला. वाटीच्या तळाएवढा, गोल, कडेला जरासा काळसर. तिनं सवयीनं डावा डोळा मिटला. डाग आणखी ठळक झाला. राखाडी काच धरली, तरी होताच. पडदा बाद. दुसऱ्या पडद्यावर तोच, तिसऱ्यावर तोच. दुपारपर्यंत तिच्या उजव्या हाताला बाद पडद्यांची चवड लागली आणि सुपरवायझर धावत आला.

सुपरवायझर माणूस भला होता. पण वरून दाब आला की जसाच्या तसा खाली सोडून मोकळा व्हायचा. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, परत डोळ्यांवर घेतला आणि पडद्याला नाक लावलं.

"कुठं म्हणता?"

"मधोमध, साहेब. जरासा उजवीकडं. गोल आहे."

तो बराच वेळ बघत राहिला. "हां," म्हणाला, "आहे. आहे काहीतरी."

तपासणाऱ्या कॅमेऱ्याला काहीच सापडत नव्हतं. पण कॅमेऱ्याला फिकट मुरा सापडत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर घारीसारखी माणसं ठेवलेली. शेजारच्या टेबलावर एक नवी मुलगी बसायची, काम शिकत होती. तिला बोलावून पडदा दाखवला. ती हळूच म्हणाली, "मला नाही दिसत, मावशी."

"नजर बसायला वर्षं जातात," घार म्हणाली. "काल आलीस आणि आज मला शिकवतेस? नीट बघ."

मुलीनं पुन्हा बघितलं आणि मान खाली घालून म्हणाली, "हो, दिसला."

पुढचे काही दिवस कारखान्यात दुसरा विषय नव्हता. द्रव तपासला, काच तपासली, भट्टीची उष्णता तपासली. "कुठंतरी पाणी मुरतंय," असं सुपरवायझर दर बैठकीत म्हणायचा. शेवटी घासायचं यंत्र उघडलं, आणि रुळावरच्या कापडाचा सांधा जरासा तिरका बसलेला आढळला. खरोखरच तिरका होता. यात कुणी काही रचलेलं नव्हतं. कापड कुणी बसवलं? भाऊजींनी. एकदाचं कारण हाती लागलं म्हणून वरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भाऊजींना आधी चौकशीपुरतं घरी बसवलं, आणि मग कामावरूनच काढलं.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला आणि ताटातलं चिवडत राहिला.

"वहिनी, तो डाग कसा आहे गं?"

तिनं सांगितलं. गोल, मधोमध, वाटीच्या तळाएवढा.

"पण कापडाची चूक असली तर रेघा पडतात. लांबच्या लांब, रूळ फिरेल तशा. गोल कसा पडेल?"

"भाऊजी, मला दिसतं ते मी सांगते. कशानं झालं ते बघणं माझं काम नाही."

"तसं नाही गं. तुझ्यावर माझा अविश्वास नाही." त्यानं ताट सरकवलं. "तुला दिसला म्हणजे असणारच. माझाच हात चुकला असेल."

सासूबाई म्हणाल्या, "अरे, चुकतं माणूस." धाकटीनं उठून त्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

नवं कापड बसून यंत्र सुरू व्हायचं होतं, त्याआधीच्या सुट्टीच्या दिवशी घार ओटा आवरत होती. ओट्यामागची भिंत पांढऱ्या फरशीची. तिथं तिला धुरकट डाग दिसला. तिनं फडकं घेतलं आणि पुसायला लागली. जात नव्हता. साबण लावला, जोर लावला, तरी तिथंच.

"काय पुसताय, ताई?" दारातून धाकटीनं विचारलं.

"डाग पडलाय बघ इथं."

धाकटी पोट सांभाळत जवळ आली, वाकून बघितलं. "कुठं? स्वच्छ तर आहे."

घारीनं फडकं खाली ठेवलं. वर छताकडं बघितलं. छतावर डाग होता. धाकटीच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिच्या नाकाच्या जागी तोच धुरकट गोल, आणि भुवया आत ओढल्यासारख्या वाकड्या. तिनं उजवा डोळा मिटला. सगळं पुसट झालं, पण डाग नाहीसा झाला. उघडला, डाग आला.

"काय झालं, ताई? चक्कर येतेय का?"

"काही नाही. साबण गेला डोळ्यात."

ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पाण्याचा आवाज होत असताना बादलीच्या कडेला धरून खाली बसली. रडू आलं नाही. एकेक पडदा तिला आठवायला लागला. मग सुपरवायझरचं "आहे काहीतरी" आठवलं, त्या मुलीची खाली गेलेली मान आठवली. आणि सगळ्यात शेवटी आठवलं ते ताटावर ठेवलेलं झाकण.

दुसऱ्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून ती डोळ्यांच्या इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, यंत्रापुढं हनुवटी टेकवायला लावली, आणि चौकटी-चौकटीचा एक कागद हातात देऊन विचारलं, "रेघा सरळ दिसतात?"

"मधल्या वाकलेल्या दिसतात."

बाईंनी आपल्या टेबलावरचा पडदा तिच्याकडं वळवला. त्यावर तिच्या डोळ्याच्या आतलं चित्र होतं, राखाडी. "हा बघा, डोळ्याचा मागचा पडदा. त्याच्याखाली पाणी साचलंय. म्हणून इथं फुगवटा आलाय."

घारीनं बघितलं. नजर आपोआप मधोमध गेली, आणि तिथं ढगाळ गोल होता. तो चित्रातला फुगवटा होता, की इस्पितळाच्या पडद्यातला मुरा, की तिचाच डोळा, हे तिला सांगता येईना. जन्मभर जे काम केलं तेच करायला कुणी सांगितलं असतं, तर या एका पडद्यावर तिला हो किंवा नाही म्हणता आलं नसतं.

"कशानं होतं हे?"

"ताणानं होतं, अपुऱ्या झोपेनं होतं. पुष्कळदा कारणच सापडत नाही. काही महिन्यांत पाणी आपोआप ओसरू शकतं. कधी ओसरलं तरी थोडी खूण राहते. डोळ्याला आराम द्या. काम काय करता?"

"शिवणकाम," ती म्हणाली.

का खोटं बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही. जिथं कुणी ओळखत नव्हतं तिथंसुद्धा तोंडातून खरं निघालं नाही, मग ओळखीच्या ठिकाणी कुठलं निघायला?

तिनं ठरवलं, उद्या सांगू. उद्या आला आणि गेला. सांगितलं तर आधी तिची नोकरी जाणार. भाऊजींची तर गेलेलीच. घरात म्हातारी, घरात बाळंतपण. शिवाय ज्या डोळ्याच्या जोरावर तिची पत, तोच फुटका निघाला असं चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगायचं? मग ती कामावर गेली, काळ्या खोलीत बसली आणि मधला डाग दिसला की सोडून द्यायला लागली. उजवा डोळा मिटून मंद डाव्यानं बघायची, मान इकडून तिकडं वळवून कडेनं बघायची. जमेल तेवढं बघायची आणि पास म्हणायची.

बाद पडद्यांची चवड ओसरली. सुपरवायझर खूश झाला. "बघितलंत? कापड बदललं, माणूस बदलला, मुरा गेला." मग एकदम जीभ चावून म्हणाला, "तुमचेच भाऊजी, मला ठाऊक आहे. वाईट वाटतं हो. पण आता सगळ्यांची खात्री पटली."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशी बरोबरच होती याचा पुरावाही तिनंच आपल्या हातानं नेऊन दिला होता. ती "हो साहेब" म्हणाली.

त्या दिवसांत तिची दशा पाण्यात बुडणाऱ्या आणि वर ओरडताही न येणाऱ्या माणसासारखी झाली. पास म्हणून पुढं सरकवलेला प्रत्येक पडदा कुठल्या तरी इस्पितळाच्या भिंतीवर जाणार, त्याच्यासमोर कुणीतरी डॉक्टर उभा राहणार, आणि तिथं खरोखरच डाग असला तर? शिकवताना सांगायची ते वाक्य कानात घुमायचं. संध्याकाळी कपाळ ठणकायचं. घरी आल्यावर ती भाऊजींकडं बघायची नाही, आणि बघितलं तरी त्याच्या तोंडाच्या जागी ढगच दिसायचा.

तो दिवसभर खिडकीशी बसून असायचा. दाढी वाढलेली. दोन-तीन ठिकाणी काम विचारायला गेला. पण एवढ्याशा धंद्यात बातमी आधीच पोचलेली. "पडदे नासवणारा तूच ना?" असं एकानं तोंडावर विचारलं. तेव्हापासून बाहेर पडणं बंद. मांडीवर कापडाचा तुकडा घेऊन त्याची कड जुळवायचा, उसवायचा, पुन्हा जुळवायचा. एकदा अचानक म्हणाला, "वहिनी, तू पकडलंस म्हणून बरं. नाहीतर कुणाचं तरी दुखणं माझ्या डागाखाली झाकलं गेलं असतं. मेलं असतं माणूस."

ती उठून आत गेली.

धाकटी तिच्या मागोमाग आली. दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला सांगून ठेवते. गच्चीची किल्ली मी लपवलीय."

"का?"

"काल कपडे वाळत घालायला गेले तर हे तिथं कठड्यावर बसले होते, पाय बाहेर सोडून. मी हाक मारली तर हसले. म्हणाले, हवा छान आहे." तिनं दार पुन्हा एकदा लोटून बघितलं. "सासूबाईंना नका सांगू. पण तुम्ही त्यांच्याशी बोला ना. तुमचं ऐकतात. तुम्ही म्हणालात की एवढं काही बिघडलेलं नाही, तर त्यांना खरं वाटेल."

घारीनं तिचा हात हातात घेतला. सगळं सांगायला तोंड उघडलं. "बोलते," एवढंच म्हणाली.

सकाळी कामावर गेली ती काळ्या खोलीत न जाता सुपरवायझरच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, तो मुरा पडद्यात नव्हता. माझ्या डोळ्यात आहे."

त्याला आधी समजलंच नाही. तिनं इस्पितळात काय कळलं ते सांगितलं. तो चष्मा काढून पुसायला लागला.

"असं कसं होईल? मला स्वतःला दिसला होता."

"तुम्हाला मी दाखवला, म्हणून दिसला."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "तुम्ही दमला आहात. घरच्या काळजीनं माणूस काहीही बोलतो. दिराला सोडवायचं म्हणून हे चाललंय, असंच लोक म्हणतील."

"बाद केलेल्यांतले काही नमुन्याला ठेवलेत ना? ते लावा. त्या नव्या मुलीला बोलवा. मी बोलणार नाही."

बाकीचे पडदे केव्हाच फोडून टाकले होते, पण नमुन्याचे कपाटात होते. ते काळ्या खोलीत आणले. मुलगी आली, घाबरलेली. एकेक पडदा राखाडी केला. घार भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मुलीनं वेळ घेऊन बघितलं, राखाडी काच धरून बघितलं.

"सांग," सुपरवायझर म्हणाला. "जे दिसेल ते सांग."

"काही नाही, साहेब. स्वच्छ आहेत." मग चाचरत म्हणाली, "मला तेव्हाही दिसला नव्हता."

"मग हो का म्हणालीस?"

मुलीनं घारीच्या पाठीकडं बघितलं. "मावशींना दिसत होता ना."

तिला बाहेर पाठवून सुपरवायझर टेबलाला टेकला. घाम पुसत म्हणाला, "ठीक आहे. झालं ते झालं. तुम्ही आजारपणाची रजा घ्या, लांबलचक. मी काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका. कारण काय, उपाय काय, ग्राहकांना सगळं कळवून झालंय."

"आणि भाऊजी?"

"त्यांना कुठंतरी दुसरीकडं लावू. सवडीनं."

"आणि डोळ्याचं कळल्यावर मी पास केलेले पडदे? त्यांत खरे डाग असतील, साहेब. मला दिसत नव्हते. ते परत मागवायला पाहिजेत."

ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आलेली नव्हती. त्याचा चेहरा उतरला. "हे वर सांगितलं तर तुमची तर जाईलच, पण माझीही जाईल. कळतंय का तुम्हाला? माझी सही आहे त्या सगळ्यावर. मलाही पोरंबाळं आहेत."

"कळतंय," ती म्हणाली. आणि खरंच कळत होतं. इतके दिवस ती स्वतः याच हिशेबानं गप्प बसली होती. डगला काढून तिनं खुंटीला लावला आणि जिना चढून वर मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली.

वर काय झालं ते फार लांबवण्यात अर्थ नाही. ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा विचारलं, बाहेर बसवून ठेवलं, पुन्हा आत बोलावलं. पडदे परत मागवायचं ठरलं. त्यांत दोष निघालेही, मोजकेच, पण निघाले. घारीला त्याच दिवशी घरी पाठवलं, पुन्हा न येण्यासाठी. सुपरवायझरला दुसऱ्या खात्यात टाकलं. फाटकाशी तो तिला दिसला तेव्हा त्यानं मान फिरवली.

पण कारखान्यात बोलणं सोपं गेलं. खरा डोंगर घरी होता.

भाऊजी खिडकीशीच बसला होता. सासूबाई दाणे निवडत होत्या, धाकटी बाळाच्या कपड्यांच्या घड्या करत होती. घार चपला न काढता आली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. सांगून झाल्यावर सासूबाईंनी दाण्यांचं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे माझं कापड नीट होतं," भाऊजी म्हणाला.

"सांधा जरा तिरका होता. पण त्यानं काही झालं नव्हतं."

"म्हणजे नीट होतं." त्यानं हातातला तुकडा बाजूला ठेवला आणि दोन्ही तळहात उलटे सुलटे करून बघितले, बऱ्याच दिवसांनी सापडलेली वस्तू बघावी तसे. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. सासूबाईंनी त्याला जवळ ओढलं.

घारीचा पाय पुढं उचलला गेला, पण मध्ये धाकटी उभी राहिली.

"तुम्ही भिंत पुसत होता, त्या दिवशी कळलं होतं तुम्हाला?"

"हो."

"साबण गेला म्हणालात."

"हो."

"काल मी किल्लीचं सांगितलं, तेव्हाही ठाऊक होतं."

घारीनं होकारार्थी मान हलवली.

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "पण अंगण वाकडं म्हणून घरच्या माणसाला त्यात पुरलेलं कधी ऐकलं नव्हतं. उशीखाली किल्ली ठेवून झोपले मी, ताई. झोपले कसली."

"धाकटे, पुरे," सासूबाई म्हणाल्या.

"बोलू दे तिला," घार म्हणाली.

कारखान्यानं भाऊजींना परत बोलावलं, पण पडदे खोक्यात भरायच्या कामावर. रुळाचं काम दुसऱ्याला दिलं होतं. भाऊजी गेला नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला खुर्च्या-सोफ्यांवर कापड चढवणाऱ्या एकाकडं त्याला काम मिळालं, आणि त्याच भागात खोलीही. सामान हलवताना धाकटीनं घारीकडं बघितलंही नाही. भाऊजी शेवटचं बोचकं उचलायला परत आला तेव्हा दारात थांबला.

"तू आधी मला सांगायचं होतंस, वहिनी. कारखान्याला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मला एकट्याला सांगितलं असतंस तरी मी निभावून नेलं असतं."

"माहीत आहे, भाऊजी."

"मग?"

तिनं वाकून बोचक्याची सुटलेली गाठ आवळून दिली. तो बोचकं उचलून गेला.

सासूबाई मात्र गेल्या नाहीत. "मी कुठं जाऊ या वयात? इथली खाट माझ्या पाठीला सवयीची आहे," असं म्हणाल्या. घारीनं जवळच्या धुलाईच्या दुकानात काम धरलं. इस्त्री करून आलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या. तिथं डाग शोधायला दुसरी बाई होती. दोन-तीन महिने गेले. डोळ्यातलं पाणी ओसरलं, रेघा बऱ्याचशा सरळ झाल्या, पण मधोमध एक फिकट खूण राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एवढं राहणारच, सवय करून घ्या.

बाळ झाल्याचा निरोप सासूबाईंना आला. त्या म्हणाल्या, "चल." ती नको म्हणाली. त्यांनी तिची पिशवी तिच्या हातात दिली आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

प्रसूतीच्या दालनात धाकटी खाटेवर होती. दारात कोण आलंय ते बघून तिनं भिंतीकडं कूस वळवली. घार उंबऱ्याबाहेरच थांबली. सासूबाई एकट्या आत गेल्या. तिला वाटलं, आपण इथूनच परत फिरावं, आणि ती फिरलीही असती. पण भाऊजी बाळाला घेऊन बाहेर आला.

"मुलगी आहे," तो म्हणाला.

त्यानं दुपट्याची कड खाली केली. घारीनं वाकून बघितलं. जिथं रोखून बघावं तिथंच ती खूण यायची, आणि एवढासा चेहरा तिच्याआड जायचा. मग तिनं नजर जराशी बाजूला, बाळाच्या कानाकडं नेली. तेव्हा कडेनं कपाळ दिसलं, चपटं नाक दिसलं, मिटलेले डोळे दिसले. पुन्हा सरळ बघायला गेली तर सगळं गेलं.

ती असं किती तरी वेळ करत राहिली. आतून धाकटीनं काहीतरी विचारलं. सासूबाईंनी तिला काय सांगितलं ते बाहेर ऐकू आलं नाही.

"घाई नाही, वहिनी," भाऊजी म्हणाला. "बघ हवा तेवढा वेळ."

बाळाला त्यानं आपल्याच हातात धरून ठेवलं होतं. तिनं मागितलं नाही, आणि त्यानंही दिलं नाही.